तंबू गळत नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाठीवर नेण्याच्या हलक्या तंबूंवर आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखकाने मनापासून लिहिलं आहे आणि डोंगरात त्याचा उपयोगही होईल. पण तो लेख हाताशी धरून आमच्या गुहागर-दापोलीकडची चार-पाच माणसं तंबू घ्यायला निघाली, तर त्यांचे पैसेही जातील आणि झोपही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. जरा लांबलं आहे, पण शक्य तर कात्री न लावता छापावं.

मी गुहागर तालुक्यातल्या माध्यमिक शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यापासून आम्ही पाच जणी दरवर्षी दिवाळी आटोपली की किनाऱ्याने चालतो. मी, माझी धाकटी जाऊ, शेजारच्या वहिनी आणि शाळेतल्या दोघी बाई. सगळ्यात लहान ४८ वर्षांची, सगळ्यात मोठी मी, ६३. गुहागरहून निघायचं, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, रोहिले करत तवसाळला उतरायचं, तिथे फेरीबोटीत बसून जयगडची खाडी ओलांडायची आणि मालगुंडवरून गणपतीपुळ्याला पोचायचं. कुठे पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, कुठे सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, कुठे निमूट डांबरी रस्त्याने. चार दिवस लागतात. आम्हाला घाई नसते.

पहिल्या वर्षी आम्ही एकच मोठा तंबू घेतला. खोक्यावर सहा माणसांची चित्रं होती, आम्ही पाच, म्हणजे ऐसपैस होईल असा हिशेब. अडीच हजार रुपये पडले. खोक्यावर वजन ५ किलो ४०० ग्रॅम छापलेलं. निघायच्या आदल्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर खुंट्या, दोऱ्या, पिशवी धरून ६ किलो २०० भरला. तंबू घेणाऱ्याने हा काटा चुकवू नये. छापलेलं वजन पुष्कळदा नुसत्या कापडाचं आणि काड्यांचं असतं. पाठीवर मात्र सगळंच येतं.

वेळणेश्वरला ओळखीच्यांनी भात कापून झालेल्या खाचरात तंबू लावायला परवानगी दिली. जागा सपाट होती, वर मोकळं आभाळ, समोर समुद्र. आम्ही दार समुद्राकडे केलं आणि थंडी नको म्हणून चारी बाजूंनी चेन ओढून घेतली. पहाटे तीनच्या सुमारास जावेने मला हलवलं. "ताई, तंबू गळतोय." माझ्याही कपाळावर थेंब पडला होता. उशी ओली, चादर ओली, वहिनींचे केस ओले. बाहेर येऊन पाहिलं तर आभाळात एक ढग नाही, सगळ्या चांदण्या लखलखीत. पाऊस नव्हताच, तर गळणार काय? आत येऊन कापडावरून हात फिरवला. पाणी आतल्या बाजूने धरलेलं होतं.

तंबू गळत नव्हता. ते आमचंच पाणी होतं.

झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. पाच जणींचं मिळून सवा लिटर झालं. खाली खाचराची जमीन अजून दमट होती, तिची वाफ वेगळीच. समुद्राकाठची हवा मुळात ओलीने भरलेली, तिला आणखी पाणी पेलवत नाही. वर मोकळं निरभ्र आभाळ असलं की तंबूचं कापड आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. दमट हवा त्या गार कापडाला टेकली की तिचं पाणी होतं. पत्र्याच्या छपराला पहाटे दहिवर धरतं, तसंच हे. फरक इतकाच की दहिवर वरून धरतं आणि आमचं दोन्हीकडून धरलं.

सकाळी तो ओला तंबू तसाच गुंडाळला. पुढच्या गावातल्या दुकानात पुन्हा काट्यावर ठेवला तेव्हा ७ किलो १०० भरला. म्हणजे ९०० ग्रॅम पाणी आम्ही पाठीवरून वाहत होतो. ग्रॅमा-ग्रॅमाचा हिशेब करून हलका तंबू घेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ज्या तंबूत दव साठतं तो इथे हलका राहतच नाही.

पुढल्या वर्षी आम्ही तोच दोष दुसऱ्या वाटेने केला. तंबू गळतो अशीच सगळ्यांची समजूत, म्हणून माझ्या भाच्याने पुण्याहून त्याचा जास्त 'वॉटरप्रूफ' तंबू आणून दिला. ३००० मिलिमीटरचा. आपल्या लेखातही या आकड्यावर बराच भर आहे. त्याचा अर्थ असा की कापडावर ३००० मिलिमीटर, म्हणजे ३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर तेवढ्या दाबापर्यंत पाणी पलीकडे झिरपत नाही. मापन चांगलं आहे आणि तळाच्या कापडाला तर ते पाहायलाच हवं, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तेव्हा दाब वाढतो. पण तो आकडा बाहेरून आत येणाऱ्या पाण्याचा आहे. आतून बाहेर जाऊ पाहणाऱ्या वाफेबद्दल तो काहीच सांगत नाही. भाच्याचा तंबू एकाच कापडाचा होता आणि त्यातून हवा हलायला वाव फार थोडा होता. त्यात आम्ही पहिल्या वर्षीपेक्षा जास्त भिजलो.

तेव्हापासून तंबू पाहताना मी आधी त्याची हवा पाहते, मग वजन, मग पाऊस. किनाऱ्यावर हाच क्रम असावा असं माझं ठाम मत आहे.

हवेचं समजायला आपल्या घरांकडे पाहावं. कौलारू घरात कौलांच्या फटींतून वारा खेळतो, म्हणून पावसाळ्यातही भिंती निदान श्वास घेतात. स्लॅबचं घर बंद ठेवलं की छताला पाणी सुटतं. एका कापडाचा तंबू म्हणजे स्लॅबचं घर. दोन कापडांचा तंबू म्हणजे कौलारू. आत जाळीची खोली, तिच्यावर वीतभर अंतर ठेवून पाण्याचं कापड. वाफ जाळीतून वर जाते, वरच्या कापडाला धरते, धरलेलं पाणी त्याच कापडावरून घसरून बाहेर जमिनीवर पडतं आणि मधल्या मोकळ्या जागेतून वारा फिरतो. पाणी धरतंच, ते कुठल्याही तंबूत धरतं. पण आपल्या अंगावर येत नाही.

आणि आतली खोली जाळीचीच हवी. आपल्या लेखात ती बंद कापडाची घ्या, ऊब राहते, असा सल्ला आहे. हिमालयात तो बरोबर असेल. आमच्या किनाऱ्यावर डिसेंबरातसुद्धा रात्रीचा पारा १८-२० अंशांच्या खाली क्वचितच उतरतो. आम्हाला ऊब नको, वारा हवा. जाळी मात्र बारीक पाहून घ्यावी. डासाच्या जाळीतून संध्याकाळची चिलटं सहज आत येतात आणि त्यांनी फोडलेलं अंग चार दिवस खाजतं. वरच्या कापडाला माथ्याजवळ झरोका आहे का आणि त्याची खालची कड जमिनीपासून थोडी उचललेली आहे का, हेही बघावं. खालून गार हवा आत आली आणि वरून वाफेची बाहेर पडली तरच वारा खेळतो.

आता दाराबद्दल. मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले की दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. तंबू लावतो संध्याकाळी, तेव्हा वारा तोंडावर समुद्राकडून येत असतो आणि समोर सूर्यास्त असतो, त्यामुळे साहजिकच प्रत्येक जण दार पश्चिमेला करतो. दहा-अकरानंतर वारा पडतो आणि मग हळूहळू उलटा, पूर्वेकडून यायला लागतो. तो बंद पाठीवर आदळून निघून जातो आणि आत माणसं गुदमरतात. म्हणून दोन बाजूंना दोन दारं असलेला तंबू घ्यावा आणि तो पूर्व-पश्चिम दारं येतील असा लावावा. संध्याकाळी खारा वारा मिळतो, रात्री मतलई. दुसऱ्या दाराच्या चेनचं वजन शंभर-दीडशे ग्रॅम वाढतं, म्हणून हलक्या तंबूंत पुष्कळदा ते गाळलेलं असतं. मी शंभर ग्रॅम चणे कमी नेईन, पण दुसरं दार सोडणार नाही. शिवाय रात्री उठायची वेळ आली तर मधल्या बाईला दोघींना ओलांडून जावं लागत नाही. आमच्या वयात हे रात्रीतून दोनदा तरी येतं.

दुसरी गोष्ट, आणि ती मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते: लहान गटाने एकच मोठा तंबू घेऊ नये.

पहिल्या वर्षी सबंध तंबू एकीच्या पाठीवर असायचा. आळीपाळीने घ्यायचा ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी वहिनींची पाळी आली आणि रोहिल्याच्या चढावर त्यांचा गुडघा धरला. चौघी पुढे, त्या मागे. तंबू त्यांच्याकडे, पाणी आमच्याकडे. तवसाळला आम्ही फेरीबोटीच्या धक्क्यावर उभ्या आणि वहिनी वरच्या वळणावरही दिसेनात. बोट गेली. पुढच्या बोटीला वेळ होता, पलीकडे पोचेस्तोवर काळोख झाला आणि अनोळखी जागी विजेरीच्या उजेडात तंबू लावावा लागला. त्यात एका काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) काडीला उभी चीर गेली, तिच्या कुसळांनी जावेचा तळवा फाटला. काडी एक, पण तंबूही एकच असल्यामुळे पाचही जणी उघड्यावर आल्या. त्या रात्री एका देवळाच्या पडवीत जागा मिळाली, ते त्या गावाचे उपकार.

आता आमच्याकडे दोन तंबू आहेत. एक दोघींचा, २ किलोचा. एक तिघींचा, २ किलो ६०० ग्रॅमचा. दोन्ही काट्यावर तोललेले. मिळून ४ किलो ६००, म्हणजे डोई ९२० ग्रॅम. जुना तंबू डोई १ किलो २४० पडायचा. नुसतं आकड्यात बघितलं तर डोई ३२० ग्रॅमच वाचले आणि त्यासाठी एकोणीस हजार रुपये मोजले, हे महाग वाटेल. पण वजन वाटता येतं हा खरा फायदा आहे. एकीकडे बाहेरचं कापड, दुसरीकडे जाळीची खोली, तिसरीकडे काड्या-खुंट्या. वाटणीचा आमचा एक नियम आहे: तंबूचे भाग त्याच तंबूत झोपणाऱ्यांमध्ये वाटायचे. दोघींचा तंबू त्या दोघींकडेच. मग एखादी मागे राहिली तर तिची जोडीदारीण तिच्याबरोबर राहते आणि पुढच्या तिघींचं घर पुढे उभं राहतं. एक तंबू मोडलाच तर दुसऱ्यात पाच जणी बसून तरी रात्र काढतील. आणि लहान तंबूला लहान जागा पुरते. सुरूच्या दोन झाडांमधे, कुणाच्या अंगणाच्या कोपऱ्यात, शाळेच्या आवारात. सहा माणसांच्या तंबूला सपाट खाचरच शोधावं लागतं, आणि खाचरं उघड्यावर असतात, जिथे दव सर्वांत जास्त पडतं.

अजून एक सांगते, कारण पुरुषांच्या लेखात हे येत नाही. दोन तंबू असल्यामुळे आमच्याबरोबर येणाऱ्या बायका वाढल्या आहेत. नवीन बाई पहिल्या खेपेला संकोचते. कपडे बदलणं, घोरणं, पाळीचे दिवस, रात्रीची औषधं. एकाच तंबूत पाच-सहा जणींसमोर तिला मोकळं वाटत नाही. बहिणीबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर दोघींचा तंबू मिळाला तर ती येते.

खोक्यावरच्या माणसांच्या आकड्याबद्दल थोडंसं. दोन माणसांचा तंबू साधारण १३० सेंटिमीटर रुंद असतो, तीन माणसांचा १८० च्या आसपास. म्हणजे माणशी ६० ते ६५ सेंटिमीटर. झोपता येतं, पण सामान आत मावत नाही. ते बाहेरच्या कापडाखाली दारापुढे जी जागा राहते तिथे ठेवायचं. आम्ही तिला पडवीच म्हणतो. पडवी नसलेला तंबू घेऊ नये. पण पडवीत चूल किंवा गॅस पेटवू नये. ही कापडं भसकन पेटतात, आणि बंद जागेत जळणाचा विषारी वायू कळायच्या आत भिनतो.

आता जमिनीचं. आमच्या किनाऱ्यावर दोनच जमिनी, एक वाळू आणि एक कातळ, आणि तंबूबरोबर मिळणारी बारीक खुंटी दोन्हीकडे निकामी. वाळूत ती लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच बाहेर येते. जांभ्याच्या कातळात ती शिरतच नाही, वाकते. पालशेतला रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढणाऱ्या एका काकांनी आम्हाला खुंटी मारायला शिकवली. आमची धडपड बघत होते, मग जवळ येऊन म्हणाले, "बाई, वाळूत खुंटी उभी मारू नका. आडवी निजवा." वाळूत हातभर खड्डा करायचा, दोरी खुंटीच्या मधोमध बांधायची, खुंटी दोरीला आडवी येईल अशी तळाशी ठेवायची आणि वर वाळू लोटून पायाने दाबायची. खुंटीऐवजी चुडताचा, म्हणजे माडाच्या झावळीचा, दांड्याकडचा तुकडा चालतो, नारळाचं सोडण चालतं. आम्ही आठ लहान कापडी पिशव्या शिवून घेतल्या आहेत. त्यांत वाळू भरून पुरायच्या, सकाळी रिकाम्या करून घडी घालायच्या. आठींचं वजन दीडशे ग्रॅमही नाही. गेल्या वर्षी हेदवीला रात्री वाऱ्याने सुरू वाकत होते, पण आमची एकही दोरी सुटली नाही.

कातळावर दगडांना दोऱ्या बांधाव्या लागतात, म्हणून तंबू स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा हवा. चालायच्या काठ्यांवर ताणून उभे करायचे एका कापडाचे तंबू हल्ली मिळतात, दोघांचा किलोभराच्या आत बसतो, आणि ते पाहून कुणालाही मोह होईल. मलाही झाला होता. पण त्यांचा सगळा भार खुंट्यांवर असतो. जिथे खुंटीच धरत नाही तिथे ते उभे कसे राहणार? आणि एक कापड म्हणजे पुन्हा तेच दव. किनाऱ्यासाठी ते नकोत. दगडांविषयी एक विनंती आहे. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, काही मातीखाली अर्धी झाकलेली. तिथे तंबू लावू नये आणि कुठलाही रचलेला दगड उचलू नये.

तसंच माडाखाली तंबू नाही. सावली कितीही गोड वाटली तरी नाही. वाळलेलं चुडत किंवा नारळ कधी पडेल हे माडाचा मालकही सांगू शकत नाही. सुरूच्या बनात लावावा. वर झाडाचं छत असलं की आभाळ झाकलं जातं, कापड फार गार होत नाही आणि दवही कमी धरतं. वेळणेश्वरला खाचरात भिजलेल्या आम्ही दोन वर्षांनी तिथल्याच झाडांखाली कोरड्या उठलो.

पुळणीवर मात्र मी आता तंबू लावत नाही, आणि इतरांनीही लावू नये असं कळकळीने सांगते. गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला वर येतात. वेळासला २००२ पासून त्यांच्या घरट्यांची राखण होते आहे, आणि आता इतर गावांतही होते. मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करते. तंबूवाल्यालाही नेमकी तीच जागा आवडते. समोर उजेड दिसला, माणसं दिसली, की ती अंडी न घालता परत पाण्यात जाते. चालायचा आपला हंगाम आणि तिचा हंगाम एकच आहे. जागा बदलणं आपल्याला सोपं आहे, तिला नाही. पुळणीच्या मागे, सुरूच्या पलीकडे, मालकाला विचारून तंबू लावावा आणि विजेरी समुद्राच्या दिशेने लावू नये.

भरतीचं गणित कोकणातल्या माणसाला शिकवायला नको, पण पुण्या-मुंबईची मुलं येतात म्हणून सांगते. तिथीची पाऊणपट करावी, पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर येतं. किनाऱ्याने चालताना खडकाळ टोकं ओहोटीतच पार करायची, त्यासाठी हे गणित रोज सकाळी करावं लागतं.

कापडाबद्दल फार लिहीत नाही, दुकानदार सांगतातच. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, रात्री एकदा उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर कमी सैल पडतं आणि उन्हालाही जास्त टिकतं, म्हणून आम्ही ते घेतलं. काड्या अल्युमिनिअमच्या घ्याव्यात. त्या वाकतात, पण वर नळी सरकवून वेळ भागते आणि हाताला कुसळं लागत नाहीत. तळाखाली अंथरायचं कापड तंबूच्या कडेपेक्षा बोटभर आतच राहिलं पाहिजे. बाहेर आलं तर अवकाळी सरीचं पाणी ते गोळा करतं आणि बरोबर आपल्या पाठीखाली आणून सोडतं.

पण कोकणात तंबूचा खरा घात पावसाळ्यात घरी होतो, आणि यावर कुणीच लिहीत नाही. आमचा पहिला तंबू मी मे महिन्यात घट्ट गुंडाळून त्याच्याच पिशवीत घालून माळ्यावर ठेवला होता. गणपतीनंतर काढला तर चिकट झालेला, आंबूस घाण वास येणारा, आतल्या बाजूने पापुद्रे सुटलेले. पुष्कळशा तंबूंच्या कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. उष्ण, दमट हवेत तो थर ओलीनेच फुटत जातो. एकदा चिकट व्हायला लागला की तो धुऊन, सुकवून परत येत नाही. सिलिकॉनचा थर असलेलं कापड या त्रासातून सुटतं, पण ते महाग आणि त्याच्या शिवणींवर नेहमीची पट्टी बसत नाही, सिलिकॉनचाच लेप द्यावा लागतो. आमचे तंबू पॉलियुरेथेनचेच आहेत. म्हणून परत आल्यावर ते गोड्या पाण्यात बुडवून काढते, मीठ आणि वाळू पूर्ण जाईपर्यंत. चेनचे दात जुन्या दातघासणीने घासते, कारण वाळूचा एक कण चेन कायमची बिघडवू शकतो. काड्यांचे सांधे पुसते, नाहीतर खाऱ्या हवेने अल्युमिनिअम खातं आणि सांधा सुटत नाही. मग पडवीत सावलीत दोन दिवस सुकवते, उन्हात नाही. शेवटी सैल घडी करून जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून कपाटात ठेवते. श्रावणात उघडीप मिळाली की एक दिवस बाहेर काढून वारा देते, पापड-मसाल्यांना देतो तसाच. चौथं वर्ष आहे, दोन्ही तंबू धड आहेत.

संपादक महोदय, आपल्याकडे माझं मागणं इतकंच आहे. तंबूविषयी पुन्हा लेख छापाल तेव्हा वजन डोई किती पडतं आणि ते किती जणांत वाटता येतं हे छापा. आतली खोली जाळीची की कापडाची, दारं किती, झरोका कुठे, हे छापा. आणि लेख कुठल्या मुलखासाठी आहे ते वरच लिहा. शेकडो किलोमीटरचा किनारा असलेल्या राज्यात तंबूचा प्रत्येक लेख बर्फापासून सुरू व्हावा, याचं मला वाईट वाटतं. आमच्या मुलामुलींनी आपला किनारा पायी पाहावा अशी माझी फार इच्छा आहे. पहिल्याच रात्री भिजून, गुदमरून, तंबू म्हणजे त्रास अशी त्यांची समजूत झाली तर ती परत येत नाहीत. शाळेत असताना मी मतलई वारे फळ्यावर बाण काढून शिकवले. रात्री दोनला जाळीच्या दारातून पूर्वेकडची गार झुळूक पायाला लागते तेव्हा ते जसे कळतात, तसे फळ्यावरून मला कधी शिकवता आले नाहीत.

यंदा आम्ही त्रिपुरी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी निघणार आहोत, म्हणजे उधाण उतरलेलं असेल. परत आल्यावर दोन्ही तंबू आठवडाभर आमच्या अंगणात उभे असतील. गुहागर तालुक्यातल्या ज्या मुलींना किंवा बायकांना तंबू विकत घेण्याआधी एक रात्र त्यात झोपून पाहायचं असेल, त्यांनी यावं. चार दिवसांसाठी नेला तरी चालेल. परत देताना गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत सुकवून द्यावा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
(ता. गुहागर, जि. रत्नागिरी)